ओलीवरची ज्वारी

परवा सकाळी आईचा फोन आला. मी शाळेत जायच्या घाईत होतो. कसा आहेस, काय चाललंय, असलं काही न विचारता ती म्हणाली, "ज्वारी पोटरीला आली बघ." आणि मी काही बोलायच्या आत पलीकडे कुणालातरी हाक मारायला गेली. फोन चालूच राहिला. मला वारा ऐकू येत होता, पानांची सळसळ ऐकू येत होती, लांबवर एका ट्रॅक्टरचा आवाज. मी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन तसाच ऐकत उभा राहिलो.

पोटरी म्हणजे कणीस ताटाच्या, म्हणजे उभ्या धाटाच्या, पोटात असतं, बाहेर पडलेलं नसतं, तो काळ. वरचं पान फुगून गोल होतं. हळूच दाबून पाहिलं तर आत काहीतरी भरीव लागतं. आमच्या पारनेर तालुक्यात हे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत येतं. चर्चमध्ये आगमनकाळ चालू असतो, गरोदर मरियेच्या प्रवासाचा पाठ वाचला जातो, आणि चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडे नजर पोहोचेल तिथवर ज्वारी पोटरीला आलेली असते. लहानपणी मला वाटायचं की शास्त्र लिहिणारी माणसं आमच्याच शिवारात बसून लिहीत असणार. पुढे शिकलो, तिकडचे हंगाम वेगळे, तिकडे गहू आणि जव, हे समजलं. तरी ती समजूत काही पूर्ण गेली नाही. अजूनही डिसेंबरात गावी गेलो की मी बांधावरून चालताना एखाद्या ताटाला हात लावून बघतो, आणि वाट बघणं या गोष्टीला काहीतरी आकार असतो असं मला वाटतं.

यंदाच्या पोटरीने मला त्या वर्षात नेलं, ज्या वर्षी बाबा गेले.

ते गेले भाद्रपदाच्या शेवटी. सकाळी ओट्यावर बसून आईबरोबर पेरणीचं बी निवडत होते. सुपात ज्वारी, दोघांची डोकी सुपावर वाकलेली. "छातीत आवळल्यावानी होतंय," म्हणाले आणि भिंतीला टेकले. आई पाणी आणायला आत गेली, ती बाहेर येईपर्यंत संपलं होतं. मला नगरला फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असं लिहिलेलं असतं, पण आईच्या आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच आहे. त्या नगरपासून गावापर्यंतचा रस्ता मला एरवी पाठ आहे. त्या दिवशीचा मात्र एकही फाटा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना माती दिली. आमचे पाळकसाहेब तेव्हा नवीन होते, माझ्यापेक्षा बरेच लहान. कबरेशी उभे राहून त्यांनी गव्हाच्या दाण्याचा दाखला सांगितला. दाणा भुईत पडतो, मरतो, आणि मरतो म्हणूनच पुष्कळ पीक देतो. चांगलं बोलले. लोकांनी डोळे पुसले. आई कोरड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिने ओट्यावरचं सूप उचललं. बी तसंच होतं, अर्धं निवडलेलं. ती खाली बसली आणि उरलेलं निवडू लागली.

"आई, राहू दे की," मी म्हणालो. "या वर्षी शेत कुणालातरी वाट्यानं देऊ. तू नगरला चल माझ्याबरोबर."

"आन् ओल?" तिने मान वर न करता विचारलं.

"कसली ओल?"

"रानात ओल हाय. ती काय तुझी न् माझी वाट बघत थांबती व्हय? हाय तवर पेरलं पायजे."

रब्बीचं हे गणित आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण मी शहरात राहून विसरलो होतो. आमचा भाग कमी पावसाचा. जो काय पाऊस पडायचा तो भाद्रपदाच्या आगेमागे पडतो, आणि काळी जमीन तो पिऊन घेते. मग आकाश बंद. त्यानंतर ज्वारी पेरायची, आणि तिने पुढे महिनोन्‌महिने वरून थेंब न मिळता उभं राहायचं. खाली जमिनीने धरून ठेवलेली ओल, वरून थंडी आणि पहाटेचं दहिवर. एवढ्यावर ती डोक्याच्या वर वाढते. मुळ्या खाली खाली जातात, ओल जशी मागे सरकेल तशा तिच्या मागे जातात. लोक पावसाची गाणी रचतात, मला मात्र नेहमी या पिकाचं नवल वाटत आलं आहे. ज्याला देणाऱ्याचा हात दिसत नाही, आणि तरी जे आधी दिलेल्यावर विश्वासून वाढतं.

पण हे मी आज लिहितो आहे. त्या वर्षी मला असलं काही सुचत नव्हतं, आणि आईला तर कुणी असं काही ऐकवलेलं चाललं नसतं.

तिने पेरलं. शेजारच्या भाऊसाहेबांनी ट्रॅक्टर आणला. त्यांचं आणि आमचं रान बांधाला बांध लागून, बाबांची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री. गावात देवळापाशी त्यांचं घर, चर्चपाशी आमचं, आणि मध्ये ही दोन रानं. भाऊसाहेब ट्रॅक्टरवर आणि आई पेरणी यंत्राच्या मागे चालत, बी नीट पडतंय का बघत. कडेने करडईच्या ओळी घातल्या, जनावर आत शिरू नये म्हणून. संध्याकाळी भाऊसाहेब ट्रॅक्टरवरून उतरले आणि बाबा जिथे बसून तंबाखू मळायचे त्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. आईने त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

आणि त्या रविवारी आई चर्चला गेली नाही.

हे आमच्या गावात किती मोठं होतं ते सांगितलं पाहिजे. आई गाणारी बाई. तिच्या आवाजावर आमच्या चर्चची उपासना चालायची. पेटी कमी-जास्त झाली तरी तिचा सूर ढळायचा नाही. आजारपणात, बाळंतपणात चुकला असेल तेवढाच तिचा रविवार. ती आता रविवारी सकाळी घंटा झाली की डोक्याला पदर गुंडाळून शेतात जायची. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. बायका कुजबुजू लागल्या. कुणी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, विश्वास गेला.

मी दर शनिवारी गावी जात असे. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. ते पाळकसाहेबांना झालं. एका रविवारी उपासना आटोपून ते तसेच पांढऱ्या झग्याची पिशवी काखेत मारून शेतात आले. ज्वारी तेव्हा वीतभर होती. आई विरळणी करत होती, दाट झालेली रोपं उपटत होती. मी बांधावर होतो.

"सलाम, मावशी."

"सलाम."

"चर्चला दिसला नाहीत."

"आलेच न्हाई तर दिसंन कशी?"

आईने हातातली रोपं खाली ठेवली.

"पाळकसाहेब, तुमी त्या दिशी म्हनला, दाना भुईत पडतो, मरतो, मंग लई पीक येतं. ही बघा मी पेरली. आठवडाभरात वर आली. माझा मानूस मातीत ठिवला, तिथं काय आलं? मी जाऊन बघून आले. हरळी आलीया."

पाळकसाहेब गोरेमोरे झाले. मला वाटलं, आता ते शास्त्रातलं काहीतरी काढतील. ते म्हणाले, "मला याचं उत्तर येत नाही, मावशी."

"मंग तसं म्हना की चर्चमधी."

"म्हणेन."

आई थोडी नरमली. बांधावर येऊन बसली. "माझा विश्वास गेला न्हाई," ती म्हणाली. "लोकांना सांगा. मला देवाचा राग आलाय. ह्यांचा राग आला तरी मी बोलायची न्हाई चार-चार दिवस. पर भाकरी टाकायची कंदी चुकवली न्हाई. तसंच हाय हे. त्याचं रान हाय, मी करीन. बोलनार न्हाई."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी खरोखरच सांगितलं. मी चर्चमध्ये होतो. प्रवचन सुरू करण्याआधी ते म्हणाले, "एका अंत्यविधीला मी फार घाईनं बोललो. ज्या घरात माती ओली आहे तिथं सुगीची गोष्ट सांगू नये. मला क्षमा करा." कुणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. इतक्या तरुण माणसाला प्रवचनाच्या पुलपिटावरून असं म्हणता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा तरी आमच्या रानात यायचे. बोलायचे कमी. आईने दिलेली भाकरी आणि ठेचा खायचे, आणि जायचे.

थंडी वाढली. पहाटे रान दहिवराने पांढरं व्हायचं. बांधावरून चाललं की धोतराचे सोगे, साड्यांचे काठ, पँटचे पाय, सगळं गुडघ्यापर्यंत भिजायचं. ऊन चढलं की ते कुठे जायचं कळत नसे. त्या दिवसांत आई सायकलच्या जुन्या चाकाचं हातकोळपं घेऊन दोन ओळींमधून ढकलत चालायची. मला नवल वाटलं, कारण रानात तण नव्हतंच.

"कोळपतेस कशाला? गवत तर दिसत नाही."

"गवतासाठी न्हाई. भेगा बघ." तिने पायाने दाखवलं. काळी जमीन वाळायला लागली होती आणि ओळींमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. "भेग वाढली की मुळी तुटती. आन् आतली ओल उडून जाती. वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या. कोरड्या दिसांत एवढंच आपल्या हातात आस्तं."

मी कोळपं घेतलं आणि दुसऱ्या ओळीत लागलो. हात दुखायला लागले तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. भाऊसाहेबांच्या घरच्या हौसाबाई रोज संध्याकाळी आमच्याकडे विरजण मागायला यायच्या. रोज. त्यांच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. ज्या घरात दह्याची मडकी भरलेली, त्या घरातली बाई वाटी घेऊन आमच्या दारात उभी. आई वाटीत चमचाभर दही घालायची, मग दोघी ओट्यावर बसायच्या, दिवे लागेपर्यंत. मी एकदा हसून म्हणालो, "काकू, विरजण टिकत नाही का तुमच्याकडं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

कोरड्या दिवसांत माणसाला काय करता येतं याचा विचार मी अजूनही करतो. शिक्षक असल्यामुळे मला उत्तरं द्यायची सवय आहे. एखाद्या मुलाचं घर मोडतं, एखाद्या सहकाऱ्याचं माणूस जातं, आणि माझ्या जिभेवर वाक्यं तयार असतात. आता मी शक्यतो काहीतरी मागायला जातो. खडू, डबा, छत्री, काहीही. थोडा वेळ बसतो.

नाताळ आला. आमच्या घरावर त्या वर्षी तारा लावला नाही. गाणी गात फिरणारी तरुण मंडळी दारात आली, ढोलकी हळू वाजवत, जरा बिचकत. आईने सगळ्यांना चहा केला, फराळाचं दिलं, आणि ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. तिचे ओठ मिटलेले होते. पण एका जागी पोरांचा सूर उतरला तेव्हा तिची मान नकारार्थी हलली, अगदी थोडी. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

कणसं निसवली, म्हणजे ताटातून बाहेर पडली, फुलोरा झाला, दाणा चिकात भरला. जानेवारीत हुरडा. बाबांना हुरड्याचं वेड. आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायचं आणि हिरवे गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. त्या वर्षी आई, मी आणि भाऊसाहेब तिघेच बसलो होतो. आईने चोळलेला पहिला घास सवयीने पळसाच्या पानावर उजव्या बाजूला, बाबांच्या जागी ठेवला. मग तिच्या लक्षात आलं. तिने ते पान उचललं, थोडं लांब गेली आणि दाणे पाखरांना टाकून आली. भाऊसाहेबांनी आगटीत उगाच काटकी सारली. दिवसभर गोफण फिरवून ज्या पाखरांना हाकलायचं, त्यांनाच ते दाणे. ती परत आली आणि म्हणाली, "खावा. गार व्हतंय."

पीक त्या वर्षी विलक्षण आलं होतं. फेब्रुवारी संपत आला तेव्हा मोत्यासारखी पांढरी टपोरी कणसं माना टाकून उभी होती. येणारेजाणारे थांबून बघायचे. चर्चमध्ये प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस सुरू झाले होते, आणि लोक म्हणत होते, बघा, देवानं रत्नाबाईच्या कष्टाचं चीज केलं, आता तरी येतील. आई गेली नाही. सोमवारपासून काढणी धरायची ठरली.

शनिवारी दुपारी मी पोहोचलो तेव्हा हवा थांबल्यासारखी झाली होती. उत्तरेकडे आभाळ शिसवी रंगाचं. चारच्या सुमाराला वारा सुटला, मग टपटप आवाज, आणि बघता बघता अंगण गारांनी पांढरं झालं. पत्र्यावर इतका आवाज की शेजारी उभ्या आईला मी काय बोललो ते ऐकू गेलं नाही. ती दारात उभी होती. गारा थांबल्यावर पाऊस लागला. तो उघडला तेव्हा आम्ही रानात गेलो. उभं पीक भुईला चिकटलं होतं. एखाद्याने मोठा लाकडी रूळ फिरवावा तसं, एका दिशेला, कणसं चिखलात. करडईच्या काटेरी ओळी तेवढ्या मोडक्या उभ्या होत्या.

आई बांधावर बसली. तिने एक कणीस उचललं, पदराने पुसलं, परत खाली ठेवलं. "दोन दिसांत काळं पडंल," एवढंच म्हणाली. घरी आलो. ती जेवली नाही. मला एवढंच वाटलं की आता हिचं देवाशी असलेलं नातं कायमचं तुटलं.

रविवारी उजाडताच ती विळा घेऊन निघाली. आमच्याकडे ज्वारी एरवी मुळासकट उपटतात, पण चिखलात उपटली तर कणसं मातीत बरबटतात, म्हणून कापायची. मीही विळा घेतला. आम्ही पोहोचलो तर रानात आधीच माणसं होती. हौसाबाई, त्यांच्या दोन जावा, भाऊसाहेब. वाकलेले, कापत होते.

"अवो, तुमचं रान?" आई ओरडली. त्यांचंही पीक आडवं झालेलं बांधावरून दिसत होतं.

भाऊसाहेब कमरेवर हात ठेवून ताठ झाले. "वैनी, तुमचा दाना पिकलाय. आमची मागून पेरलेली, अजून हिरवट हाय, दम धरंल. आधी हे उचलू."

आई वाकली आणि कापू लागली.

ऊन वर आलं. चर्चची घंटा ऐकू आली. आम्ही कुणी मान वर केली नाही. मग थोड्या वेळाने हौसाबाई म्हणाल्या, "रत्नाबाई, तिकडं बघा."

गाडीवाटेने लोक येत होते. रविवारच्या इस्तरीच्या कपड्यांत. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष धुतलेल्या शर्टांत, पुढे पाळकसाहेब, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात विळा. मागाहून मला कळलं ते असं. पाळकसाहेबांनी आरंभीची प्रार्थना केली आणि म्हणाले, आजची उपासना रत्नामावशींच्या रानात, घरून विळे घेऊन या. एका वृद्ध पंचाने हरकत घेतली की आज विसाव्याचा वार, आज काम कसं करायचं. पाळकसाहेबांनी विचारलं, "काका, आज तुमचा बैल विहिरीत पडला तर?" विळा घेऊन आलेल्यांत म्हातारबाबा पाळकसाहेबांच्या मागोमाग होते, काठी टेकत.

आई उभी राहिली. इतके महिने ती चर्चला गेली नव्हती आणि चर्च तिच्याकडे चालत आलं होतं. मला वाटलं, ती रडेल. ती मोठ्याने म्हणाली, "चपला काढा, चपला! बांधावर ठिवा. आत लई चिखल हाय."

सगळ्यांनी चपला काढल्या. बांधावर चपलांची ही लांब रांग लागली, आणि माणसं अनवाणी आमच्या रानात उतरली. जळत्या झुडपापाशी देवाने मोशेला सांगितलं, पायातलं काढ, ही भूमी पवित्र आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पवित्र भूमी कशी दिसते ते मला त्या सकाळी समजलं. पांढऱ्या साड्यांचे काठ चिखलाने काळे झाले. चर्चच्या बायका आणि हौसाबाईंच्या जावा एकाच ओळीत वाकल्या होत्या. कुणी कणसं खुडत होतं, कुणी पेंढ्या बांधत होतं, कुणी ताडपत्रीवर कणसं पसरत होतं. दुपारी भाकऱ्या आल्या, देवळाकडच्या घरांतून आणि चर्चकडच्या घरांतून. कुणाची कुठली ते कुणी विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत आमचं रान मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाऊसाहेबांच्या रानात.

त्या रविवारी संध्याकाळी आई हात धूत होती. पाणी काळं येत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हनायचे, बसलाय वर, सगळं बघतोय न् तोंड उघडंना. आज सकाळी इळा घिऊन आला की रं."

बरीचशी ज्वारी वाचली, पण काळी पडायची ती पडलीच. दाण्याच्या टोकाला करडा डाग. बाजारात असल्या ज्वारीकडे कुणी बघत नाही. पुढे चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती. त्या दिवशी जो तो आपल्या पिकातलं चांगलं निवडून वेदीपुढे आणून ठेवतो. गहू, हरभरा, भोपळे, अंडी, गुळाच्या ढेपा. मी अंगणात होतो, तर आई साडी बदलून बाहेर आली. डोक्यावर टोपली.

"निवडून घ्यायची होतीस थोडी," मी म्हणालो. "वरवरची पांढरी."

"आली तशी द्यायची."

चर्चमध्ये ती शिरली तेव्हा गाणं चालू होतं. ते थांबलं नाही, पण जरा डगमगलं. ती मधल्या वाटेने पुढे गेली आणि टोपली उतरवली. टपोऱ्या गव्हाच्या राशीशेजारी ती डागाळलेली ज्वारी. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, काही सांगणार?"

आई मंडळीकडे वळली नाही. वेदीकडेच तोंड करून म्हणाली, "पांढरी आस्ती तर तीच आनली आस्ती. काळी बी तुझीच हाय. घे."

मी देवाशी बोललेली पुष्कळ मोठी मोठी भाषा ऐकली आहे. इतकं खरं बोलणं पुन्हा ऐकलं नाही. पाळकसाहेबांनी ती टोपली उचलून मेजाच्या मधोमध ठेवली.

चैत्र लागला. झावळ्यांच्या रविवारी पोरांनी ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या. रानं मोकळी, उन्हाने भाजलेली. गुड फ्रायडेला झाडांकडे माझं लक्षच गेलं नाही, आणि दोनच दिवसांनी पुनरुत्थानाच्या पहाटे चर्चच्या आवारात कडुनिंबाच्या मोहराचा वास दाटला होता. पिंपळाला तांबूस पालवी. ज्या महिन्यात आमच्याकडे पाणी आटतं, विहिरींचे तळ दिसतात, त्याच महिन्यात झाडं नवी होतात. पावसाची वाट न बघता. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी मला थांबून बघावं लागतं.

पहाटेची उपासना झाली. "प्रभू उठला आहे," "खरोखर उठला आहे," असं एकमेकांना म्हणत लोक मेणबत्त्या आणि फुलं घेऊन दफनभूमीकडे निघाले. आईही निघाली. बाबांच्या कबरेवरची माती बसली होती. आई पाय मुडपून शेजारी बसली, एखाद्याच्या खाटेशी बसावं तशी. आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. पेरणी कशी झाली, कोळपण्या कशा दिल्या, पीक कसं देखणं होतं, गारा कशा आल्या, कोण कोण आलं. नावं घेऊन सांगितलं. "काळी पडली, पर भाकरीला चव हाय," म्हणाली. मी मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरून उभा होतो. सांगता सांगता तिचा आवाज फुटला, आणि भाद्रपदापासून न आलेलं रडू आलं. ती रडली, पोटभर रडली. आजूबाजूच्या बायका जवळ आल्या नाहीत, त्यांनी तिला रडू दिलं.

मग तिने तोंड पुसलं. हात धरून मी तिला उठवलं. पूर्वेला सूर्य हातभर वर आला होता. आम्ही फाटकाकडे चालू लागलो. दुपारी तिने देवळाकडच्या आणि चर्चकडच्या, विळा धरलेल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं.

मला राहवलं नाही. "आई, गेला का मग देवावरचा राग?"

ती चालता चालता थांबली. खरंच विचार केला तिने.

"थोडा हाय की अजून," ती म्हणाली. "पर आता बोलतो आमी."